कार्डाच्या बिलावरची कराची ओळ एकटी सोडू नका

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई.

तसेच क्रेडिट आणि डेबिट कार्ड देणाऱ्या सर्व बँकांचे ग्राहकसेवा अधिकारी.

महोदय,

सांगलीच्या गणपती पेठेतल्या आणि मार्केट यार्डातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणं, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणं हे माझं काम. दुकानाच्या कागदांसोबत घरातल्या मंडळींच्या कार्डांची बिलंही माझ्याकडं येतात. ती आणणारी माणसं हिशेबाला कच्ची नसतात. हळदीच्या पोत्यामागची अडत, हमाली, तोलाई तोंडी मांडणारे व्यापारी त्यात आहेत, पेन्शनचा पै-पैसा वहीत टिपणारे निवृत्त शिक्षक आहेत. तरीही बिलावर अशी एखादी ओळ दिसली की ते अडतात:

आयजीएसटी डीबी १८.०० टक्के - २७ - रु. १३५.००

आणि मग प्रश्न येतो, "ताई, सरकारनं हे कसले पैसे कापले?"

सरकारनं थेट काही कापलेलं नसतं. बँकेनं कसलं तरी शुल्क लावलेलं असतं आणि त्या शुल्कावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर बँक ग्राहकाकडून वसूल करते, पुढं सरकारकडं भरते. १३५ ला १८ नं भागा, १०० नं गुणा. ७५० येतात. म्हणजे कुठंतरी ७५० रुपयांचं शुल्क लागलंय. ते शोधायला गेलं तर कधी चार ओळी वर सापडतं, कधी मागच्या पानावर. तारीख वेगळी असते. शुल्क या महिन्याच्या बिलात आणि त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या बिलात, असंही होतं. दोन्हींना जोडणारा एकही धागा कागदावर नसतो.

या उदाहरणातलं शुल्क विलंबाचं होतं. बिल घेऊन आलेल्या बाईंनी पैसे देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी भरले होते. कार्डांविषयीच्या आपल्याच २०२२ पासूनच्या निर्देशांनुसार देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही. म्हणजे ७५० रुपये मुळातच लागायला नको होते. शुल्काची ओळ त्रोटक इंग्रजी अक्षरांत होती, ती त्यांच्या नजरेतून सुटली. नजरेत भरली ती कराची ओळ. आणि कर म्हटल्यावर त्यांनी सोडून द्यायचं ठरवलं होतं. "सरकारी कर आहे, तिथं कुणाशी भांडणार?" हे त्यांचे शब्द. मला या पत्रात जे मांडायचंय त्याचं मूळ इथं आहे. कराची ओळ एकटी सुटली की तिच्या आड मूळ शुल्क लपतं आणि जिथं ग्राहकाचा हक्क होता तिथं तो मान खाली घालून निघून जातो.

त्या बाईंच्या बँकेच्या हेल्पलाइनवर आम्ही फोन लावला. पलीकडच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, "मॅडम, ते गव्हर्नमेंट टॅक्स आहे, आमच्या हातात नाही." तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या समोरच्या पडद्यावरही बहुधा तेवढंच दिसत असावं. आम्ही शुल्काचा विषय काढला, तारखा सांगितल्या, तेव्हा कुठं तक्रार नोंदली गेली. पुढं शुल्क परत आलं आणि त्यावरचा करही आला, पण दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ओळींत, आणि पुन्हा कशाचा कशाशी संबंध ते न सांगता.

पेट्रोलची गोष्ट रकमेनं सगळ्यात लहान, पण सर्वाधिक वेळा विचारली जाणारी. कार्डावर २,००० रुपयांचं पेट्रोल भरलं, त्यावर १ टक्का इंधन अधिभार म्हणजे २० रुपये. कार्ड देताना 'इंधन अधिभार माफ' असं सांगितलेलं असतं आणि ते २० रुपये परत येतातही. पण त्या २० रुपयांवरचा ३ रुपये ६० पैशांचा कर बऱ्याच बँका परत करत नाहीत. अधिभाराची वजा नोंद आणि जमा नोंद एकमेकींना काटून जातात आणि उरते ती ३.६० ची ओळ, जिला बिलावर कुणी वाली नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी बिलाची प्रत काढून प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण करतात. सबंध पानावर खुणा आणि दर ३.६० पुढं प्रश्नचिन्ह. रक्कम चहाच्या कपापेक्षा कमी आहे म्हणून हा प्रश्न लहान ठरत नाही. आपल्या खात्यातून जाणारा प्रत्येक पैसा कुठं गेला हे कळलं पाहिजे, ही त्यांची अपेक्षा मला अगदी वाजवी वाटते. नियम असा असेल की कर परत मिळणार नाही, तर तसं त्याच ओळीत लिहा.

मोबाईल किंवा फ्रिज 'नो कॉस्ट' हप्त्यांवर घेतला की गोंधळ वाढतो. दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधी देते आणि बँक हप्त्यात व्याज लावते, म्हणून ग्राहकाला व्याज लागलं नाही असं वाटतं. पण व्याज कागदोपत्री लागलेलं असतं आणि त्यावर कर लागतो. पहिल्या हप्त्यात ३०० रुपये व्याज असेल तर कर ५४. दुसऱ्या हप्त्यात व्याज घटतं, करही घटतो. म्हणजे दर महिन्याला वेगळी रक्कम. एकच आकडा पुन्हा पुन्हा आला असता तर माणसानं ओळखला तरी असता. शिवाय १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल तर त्यावर ३५ रुपये ८२ पैसे निराळेच.

इथं लोक मला अडवतात. "घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, सोसायटीच्या कर्जावर नाही, मग इथं कसा?" प्रश्न बिनतोड आहे आणि त्याला उत्तरही आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला. त्याआधी २८ जून २०१७ ला निघालेल्या करमाफीच्या अधिसूचनेत कर्ज आणि ठेवींवरच्या व्याजाला माफी दिली, पण क्रेडिट कार्ड सेवांमधलं व्याज त्या माफीतून स्पष्ट शब्दांत वगळलं. त्यामुळं कार्डाच्या थकबाकीवर व्याज लागलं की त्यावर १८ टक्के कर लागतो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर करासकट ते ४.१३ टक्के पडतं. हा देशाच्या कायद्यातला एवढा महत्त्वाचा फरक आहे आणि आजवर माझ्यासमोर आलेल्या एकाही बिलावर तो एका वाक्यात लिहिलेला मी पाहिला नाही. हप्त्यांच्या बाबतीत मुद्दल, व्याज आणि आधी दिलेली सूट ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावी, बिलातही वेगळी दाखवावी, आणि व्याज असलेल्या हप्त्याला बिनव्याजी म्हणून सजवू नये, असं आपल्या निर्देशांत आहे. ते चांगलंच आहे. पण त्या तीन आकड्यांशेजारी चौथा, कराचा आकडा हवा. ग्राहकाच्या खिशातून खरोखर जास्तीचा जातो तो तोच.

परदेशी खरेदीचं असंच. पोरं शिकायला जर्मनीत, आयर्लंडमध्ये गेली की अर्जाची फी, परीक्षेची फी आई-वडिलांच्या कार्डावरून जाते. १०,००० रुपयांच्या परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के चलन-बदल शुल्क म्हणजे ३५० आणि त्यावर कर ६३. बिलात या दोन ओळी मूळ खर्चापासून दूर जाऊन पडतात. दोन-तीन अर्ज एकदम भरले असतील तर कुठला कर कुठल्या फीचा, हे वजाबाक्या करून काढावं लागतं.

आता त्या ओळीतल्या २७ या आकड्याबद्दल, कारण त्यावरून फार भलत्या शंका निघतात. कुणाला वाटतं २७ टक्के कर लागला, कुणाला वाटतं २७ वा हप्ता. २७ हा जीएसटीतला महाराष्ट्राचा संकेतांक. गोव्याचा ३०, कर्नाटकाचा २९, म्हणून बेळगावातल्या आमच्या नातेवाइकांच्या बिलावर २९ दिसतो. बँकिंग सेवेचं ठिकाण म्हणजे बँकेच्या दप्तरी नोंदलेला ग्राहकाचा पत्ता, असं कायदा सांगतो. बँकेचा कार्ड विभाग दुसऱ्या राज्यात नोंदलेला असेल तर आयजीएसटी १८ टक्के ही एक ओळ येते. तो महाराष्ट्रातच नोंदलेला असेल तर सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ अशा दोन. खिशातून तेवढेच पैसे जातात. आयजीएसटी आधी केंद्राकडं जमा होतो आणि त्यातला राज्याचा वाटा ग्राहकाच्या राज्याला मिळतो, म्हणजे सांगलीकराच्या करातला वाटा महाराष्ट्रालाच येतो. हे सगळं सांगायला मला दोन मिनिटं लागतात. बिलाच्या तळाशी दोन ओळींत ते छापता येईल.

डेबिट कार्डवाल्यांचं दुखणं निराळं. तिथं शुल्क आणि कर एकत्र करून एकच विचित्र आकडा वजा होतो. २३ रुपयांवर ४ रुपये १४ पैसे मिळवून २७.१४. मोफत मर्यादेपलीकडं एटीएममधून पैसे काढले तर १ मे २०२५ पासून बँक जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर घेऊ शकते. हप्ता परत गेल्याचे २५० आणि ४५ मिळून २९५. कार्डाची वार्षिक फी १५० आणि २७ मिळून १७७. क्रेडिट कार्डावर कर सुटा पडतो म्हणून शुल्क दिसत नाही, इथं दोन्ही एकात मिसळतात म्हणून काहीच दिसत नाही. २९५ रुपये गेले एवढंच कळतं.

याखेरीज एक पूर्णपणे वेगळा प्रकार आहे आणि त्यात भीती जास्त असते. ग्राहकानं, किंवा घरातल्या कुणीतरी, खरोखरच सरकारी कर कार्डावरून भरलेला असतो. घरपट्टी, वाहनाचा कर, मुद्रांक शुल्क, आयकराचा आगाऊ हप्ता. बिलावर मात्र महापालिकेचं किंवा आयकर खात्याचं नाव नसतं. मध्ये पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं नाव असतं, तेही मधेच तोडलेलं, पुढं एखाद्या भलत्याच शहराचं नाव आणि आकड्यांची माळ. रक्कमही पावतीशी जुळत नाही. १०,००० रुपये कर भरला, सुविधा शुल्क समजा १ टक्का म्हणजे १०० आणि त्यावर कर १८, तर बिलावर १०,११८. पावती म्हणते १०,०००. आमच्याकडच्या एका काकूंनी अशी ओळ पाहून घाबरून कार्ड बंद केलं. घरपट्टी त्यांच्या पुण्यातल्या मुलानं भरली होती, आईचं कार्ड त्याच्या मोबाईलमध्ये साठवलेलं होतं. नवीन कार्ड यायला वेळ लागला आणि तोवर त्यांच्या औषधांची मागवणी, विजेचं बिल, सगळं अडलं.

आणि उलटही घडू शकतं. चोरलेल्या कार्डावरून कुणी दुसऱ्याचाच कर भरला, तर ती ओळ इतकी सरकारी आणि सभ्य दिसते की माणूस ती सोडून देतो. "असेल काहीतरी, कर दिसतोय." अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला आणि चूक ग्राहकाचीही नसेल, बँकेचीही नसेल, तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही, हा आपला २०१७ पासूनचा नियम. चौथ्या दिवसापासून जबाबदारी सुरू होते. तीन दिवसांच्या या मुदतीत ग्राहकाला ती ओळ ओळखता आलीच नाही, तर नियम कितीही उत्तम असला तरी त्याच्या कामाचा काय?

सरकारी भरणा ओळखता येण्यासारखी माहिती यंत्रणेत असते, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. आयकराच्या प्रत्येक चलनाला ओळख क्रमांक असतो. त्यात बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरणा तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक येतो. महाराष्ट्र शासनाच्या ग्रास प्रणालीवर भरलेल्या पैशांनाही चलन क्रमांक मिळतो. आणि कार्डांच्या जगात प्रत्येक व्यवहारासोबत व्यवसायप्रकाराचा चार अंकी कोड जातो. कर भरण्यासाठी ९३११, दंडासाठी ९२२२, इतर सरकारी सेवांसाठी ९३९९. इंधन अधिभार माफ करायचा की नाही, कुठल्या खर्चावर बक्षीस गुण द्यायचे नाहीत, हे बँक याच कोडावरून ठरवते. स्वतःच्या सोयीसाठी बँक जी माहिती रोज वापरते, तिचे दोन शब्द ग्राहकाच्या बिलावर छापायला अडचण कोणती?

तिसरा प्रकार मी थोडक्यात सांगते. तो कार्डाच्या बिलापेक्षा खात्याच्या उताऱ्यावर जास्त येतो. ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापलेला कर, आणि परदेशी पैसे पाठवण्यावर किंवा फॉरेक्स कार्ड भरण्यावर वर्षाला १० लाखांच्या पुढं लागणारा टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केलेला कर. हा ग्राहकाचा स्वतःचा आयकर आहे, त्याच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्यातल्या त्याच्या वार्षिक करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो. शुल्कावरचा जीएसटी सर्वसाधारण माणसाला परत मिळत नाही. बिलावर मात्र दोन्ही सारखेच 'टॅक्स'. परत मागता येणारा पैसा आणि गेलेला पैसा यांत फरक न कळल्यामुळं कितीतरी ज्येष्ठ मंडळी आपला टीडीएस मागतच नाहीत. त्यांचं उत्पन्न करपात्रसुद्धा नसतं.

दुकानदारांचं नुकसान आणखी एका वाटेनं होतं. धंद्याच्या चालू खात्यावर किंवा धंद्याच्या कार्डावर बँकेनं शुल्क घेतलं, तर त्यावरच्या कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते. त्यासाठी बँकेकडं त्याचा जीएसटी क्रमांक नोंदलेला हवा. जीएसटीच्या नियमांनी बँकांना महिन्याअखेर एकच एकत्रित बीजक देण्याची सवलत दिली आहे, व्यवहारागणिक बीजक द्यावं लागत नाही. सवलत योग्यच आहे. लाखो ग्राहकांना दर शुल्काचं वेगळं बीजक कोण देणार? पण त्यामुळं ग्राहकाच्या हातात शुल्कागणिक कराचा तपशील येण्याची जागा म्हणजे बिल किंवा उतारा. तिथंच तो नसेल तर शोधायचा कुठं? खाते उघडताना "तुमचा जीएसटी क्रमांक द्या, वजावट मिळेल" एवढं एक वाक्य शाखेत सांगितलं, तरी माझ्याकडच्या किराणावाल्यांचे वर्षाकाठी थोडे पैसे वाचतील.

महोदय, मी आपल्याकडं नवीन तत्त्व मागत नाही. २२ जून २०१७ च्या आपल्या परिपत्रकात बँकांना सांगितलं आहे की पासबुकात आणि खात्याच्या उताऱ्यात न उलगडणाऱ्या नोंदी करू नका. बँकेनं शुल्क घेतलं तर ते कसलं, कशापायी, हे लिहा. ते परिपत्रक मी अनेकांना वाचून दाखवलं आहे. लोकांना आश्चर्य वाटतं की त्यांच्या मनातली तक्रार रिझर्व्ह बँकेनं आधीच लिहून ठेवली आहे. तोच न्याय कार्डाच्या बिलाला, आणि शुल्काबरोबर त्यावरच्या कराला लावा, एवढीच माझी मागणी आहे.

ती आणखी एका कारणासाठी रास्त आहे. कार्ड देताना सांगितलं नव्हतं आणि ग्राहकाची संमती घेतली नव्हती असं कुठलंही शुल्क बँकेला लावता येत नाही, असा आपल्या २०२२ पासूनच्या निर्देशांचा नियम. त्याला अपवाद सरकारनं नंतर लावलेल्या करांचा. म्हणजे बिलावर कर ही अशी एक नोंद आहे जिला ग्राहकाची आगाऊ संमती लागत नाही. ज्या नोंदीला संमतीची अट नाही, तिच्यावर खुलाशाची अट जास्त कडक हवी. त्याच निर्देशांत असंही आहे की न भरलेली शुल्कं, आकारणी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर चक्रवाढ व्याज लावता येणार नाही. फार चांगला नियम. पण कुठला कर कुठल्या शुल्काचा आणि तो कुठल्या बिलातला, हेच कळत नसेल तर तो नियम पाळला गेला की नाही हे ग्राहकानं तपासायचं कसं? मी धंद्यानं हिशेब लिहिते, तरी मला ते काही बिलांवरून काढता आलेलं नाही.

तेव्हा ओळ कशी असावी? मी ज्यांच्यासाठी हे काम करते त्यांना कळेल अशी एक ओळ लिहून पाहिली:

विलंब शुल्क, ५ तारखेचे, रु. ७५०.०० । त्यावरील जीएसटी १८ टक्के, रु. १३५.०० । एकूण रु. ८८५.००

शुल्क आणि कर एकाखाली एक, एकाच तारखेला, एकाच संदर्भ क्रमांकानं बांधलेले. शुल्क माफ झालं तर परतीची ओळही त्याच क्रमांकानं, आणि कर परत मिळणार नसेल तर तसं लिहून. सरकारी भरणा असेल तर विभागाचं नाव आणि चलन क्रमांक आधी, मधल्या कंपनीचं नाव नंतर. सुविधा शुल्क वेगळं. टीडीएस, टीसीएस असेल तर 'आपल्या पॅनवर जमा' हे शब्द. मोबाईलवर येणाऱ्या संदेशातही हेच. जुन्या संगणक प्रणालीत ओळीला अक्षरांची मर्यादा असते, हे बँकेतले मित्र मला सांगतात आणि ते खरं असेल. पण आता बहुतेकांना बिल पीडीएफ म्हणून आणि ॲपवर मिळतं. तिथं ओळीवर बोट ठेवल्यावर तपशील उघडता येतो, याला अक्षरांची मर्यादा आड येत नाही.

भाषेचंही बोलायला हवं. किरकोळ ग्राहकांसाठीचं छापील साहित्य, खाते उघडण्याच्या अर्जापासून पासबुकापर्यंत, इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत द्यावं असं रिझर्व्ह बँक बँकांना सांगत आली आहे. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो स्थानिक भाषेतही असाव्यात असंही आपल्या निर्देशांत आहे. माझ्याकडं येणाऱ्या बिलांत मराठीचा एक शब्द नसतो. कार्ड विकायला आलेला मुलगा अस्खलित मराठी बोलतो, बिल मागितलं की इंग्रजी येतं. ॲपवर भाषा निवडायची सोय अनेक बँकांनी केली आहे, पण ती मेनूपुरती. बिल उघडलं की पुन्हा जुनीच अक्षरं. मराठी बिलाचा पर्याय सुरू करायचा झाला तर सुरुवात शुल्क आणि कराच्या ओळींपासून करा. त्या पंधरा-वीस प्रकारच्याच असतात, एकदा नीट लिहून घेतल्या की झालं.

बँकांच्या ग्राहकसेवा अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. "गव्हर्नमेंट टॅक्स आहे" हे उत्तर आपल्या माणसांच्या तोंडून काढून टाका. ग्राहक कराबद्दल विचारतो तेव्हा त्याला मूळ शुल्काचं नाव, तारीख आणि कारण सांगायचं, हा संवादाचा पहिला टप्पा ठरवा. चुकीचं बिल गेल्याची तक्रार आली तर जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि गरज असेल तिथं कागद द्यायचा, हे आपल्यावर बंधनकारक आहेच. आणि भामटे नेमकी हीच जागा हेरतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आयकर परताव्याच्या नावाचे खोटे संदेश सगळ्यांना परिचयाचे आहेत. ज्याला आपल्या बिलावरचा कर कळत नाही, त्याला "जास्तीचा कापलेला जीएसटी परत करतो, ओटीपी सांगा" असं सांगणाऱ्याचं खरं वाटण्याची शक्यता फार मोठी. तपशिलाची एक स्वच्छ ओळ त्याला या सापळ्यापासून वाचवू शकते.

हे पत्र वाचणाऱ्या कार्डधारकांसाठीही थोडं लिहिते, कारण नियम बदलायला वेळ लागेल आणि बिल दर महिन्याला येणार. अनोळखी जीएसटीची ओळ दिसली तर रकमेला १८ नं भागून १०० नं गुणा, म्हणजे मूळ शुल्क निघेल. सीजीएसटी-एसजीएसटी अशा दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज घ्या. मग त्या शुल्काबद्दल बँकेला विचारा, कराबद्दल नको. अनोळखी सरकारी भरणा दिसला तर आधी घरात विचारा, ईमेलमध्ये पावती शोधा, पण त्यात दिवस घालवू नका. उलगडा झाला नाही तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फसवणूक वाटली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ वर माहिती मिळते.

महोदय, नवीन निर्देश काढण्याआधी आपण त्यांचा मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवता. कार्डाच्या बिलात शुल्क आणि कर कसे दाखवावेत, याचा असा मसुदा काढावा आणि त्यावरच्या सूचना मराठीसह इतर भारतीय भाषांतूनही स्वीकाराव्यात, ही विनंती. माझ्याकडं येणारे दुकानदार, गुरुजी, काकू यांच्या बिलांतल्या ओळी, नावं आणि कार्ड क्रमांक झाकून, मी त्या सूचनांसोबत पाठवीन. त्यांनी तशी परवानगी मला दिली आहे.

आपली,
सांगलीतील एक हिशेबनीस आणि कार्डधारक